'सगळं यात आलं' म्हणजे नेमकं काय काय?
वसई-विरारच्या किनाऱ्यावर लहान मुलांना घेऊन जाताना

वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून होत नाहीत तोच आमच्या घरचा फोन वाजू लागतो. भिवंडीची खाला, मुंब्र्याचे मामू, कुर्ल्याची भाभी, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो. "तुम्ही वसईला राहता, मुलांना एक दिवस समुद्रावर न्यायचंय, चांगलं रिसॉर्ट कोणतं?" सुट्टी लहान, बजेट त्याहून लहान, आणि सोबत दोन वर्षांच्या बाळापासून सत्तर वर्षांच्या दादीपर्यंत सगळे. म्हणून लोकांना असं ठिकाण हवं असतं की एकदाच पैसे भरले की नाश्ता, जेवण, संध्याकाळचा चहा, स्विमिंग पूल, सगळं त्यात आलं.

आम्ही या भागात राहतो, शाळेच्या सहली नेतो, ईदनंतर नातेवाइकांना घेऊनही जातो. तरी आम्ही फोनवर एका रिसॉर्टचं नाव सांगून मोकळे होत नाही. मालक बदलतो, आचारी बदलतो, गेल्या वर्षी स्वच्छ असलेला पूल यंदा हिरवा झालेला असतो. नाव सांगण्यापेक्षा निवड कशी करायची ते सांगणं आम्हाला जास्त उपयोगाचं वाटतं. ते वाचकांसमोर ठेवतो.

कल्पना जुनी, आपली तऱ्हा वेगळी

एकाच रकमेत राहणं, खाणं, खेळणं ही कल्पना १९५० साली युरोपात रुजली. जेरार ब्लिट्झ नावाच्या बेल्जियन माणसाने स्पेनच्या मायोर्का बेटावर अल्कुदिया इथे समुद्राकाठी तंबू ठोकले आणि 'क्लब मेड' सुरू केला. महायुद्धातून बाहेर पडलेल्या सामान्य लोकांना हिशेबाची कटकट न करता सुट्टी मिळावी, हा त्यामागचा विचार होता. पुढे ही पद्धत जगभर पसरली. तुर्कस्तानात अंताल्या-अलान्याच्या किनाऱ्यावर तर मुस्लिम कुटुंबांसाठी हलाल जेवण, दारूबंदी आणि स्त्रियांसाठी वेगळे पूल असलेली मोठमोठी हॉटेलं आहेत.

आपल्याकडे ती 'वन डे पॅकेज'च्या रूपात आली. सकाळी नऊ-दहाला आत जायचं, संध्याकाळी पाच-सहाला बाहेर पडायचं. लोकलने येणाऱ्या मुंबईकराला रात्रीच्या खोलीचं भाडं परवडत नाही, पण एक दिवस परवडतो. त्यामुळे अर्णाळा, नवापूर, राजोडी, कळंब या गावांत वाड्यांच्या जागी किंवा वाड्यांच्या मधोमध रिसॉर्टं उभी राहिली. मालक बहुतेक इथलेच आहेत. कुणी वाडवळ, कुणी सामवेदी ख्रिस्ती, कुणी आगरी-कोळी. कालपर्यंत केळी, नागवेलीची पानं आणि फुलं पिकवणारी ही घरं. पाहुणचार त्यांच्या अंगात आहे. नीट विचारलं तर नीट सांगतात, हा आमचा अनुभव.

आपला किनारा ओळखून घ्या

दक्षिणेला वसईची खाडी आणि उत्तरेला वैतरणा नदीचं मुख, यांच्यामध्ये हा किनारा पसरला आहे. वसई रोड स्टेशनला उतरलं की सुरुची बाग, रानगाव, भुईगाव जवळ पडतात. नालासोपाऱ्याहून कळंब आणि राजोडी, तर विरारहून नवापूर आणि अर्णाळा. रिसॉर्टांची गर्दी कळंबपासून अर्णाळ्यापर्यंत आहे. वसईच्या बाजूला सुरूची बनं आणि तुलनेने शांतता आहे, पण सोयी कमी. तान्ह्या बाळाला घेऊन येणाऱ्यांनी रिसॉर्ट असलेला पट्टाच निवडावा. बाळाला झोपवायला खोली, दूध गरम करायला स्वयंपाकघर आणि स्वच्छ संडास या तीन गोष्टी सुरूच्या सावलीत मिळत नाहीत.

मुलं थोडी मोठी असतील तर त्यांना सांगण्यासारखंही इथे पुष्कळ आहे. नालासोपाऱ्याजवळचं सोपारा हे एके काळचं मोठं बंदर. अरब भूगोलकारांनी त्याचा उल्लेख 'सुबारा' असा केला आहे. इथला बौद्ध स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी खणून काढला आणि सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही याच गावात मिळाला. गुजरातच्या सुलतान बहादूरशाहने १५३४ च्या तहात वसई पोर्तुगिजांना दिली, १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी ती जिंकून घेतली. अर्णाळ्यासमोरच्या बेटावरचा किल्ला त्याआधी दोन वर्षं मराठ्यांकडे आला होता. त्या एका किल्ल्यात मंदिरही आहे आणि दर्गाहही. पुस्तकातल्या धड्यापेक्षा मुलं हे इथे उभं राहून लवकर समजतात. फक्त बेटावर होडीने जायचं तर लाइफ जॅकेट असल्याशिवाय लहान मुलाला होडीत बसवू नका, आणि कडेवर बाळ असेल तर बेट पुढच्या वेळेसाठी ठेवा.

फोनवर काय विचारायचं

"पॅकेज कितीचं?" हा पहिला प्रश्न असतो आणि बहुतेकदा शेवटचाही. त्यापुढचे प्रश्न असे आहेत.

मुलांचा दर वयावर आहे की उंचीवर? पाच वर्षांचा उंचपुरा मुलगा दारातल्या खुणेच्या वर गेला की पूर्ण तिकीट लागतं, मग जन्मदाखला दाखवून उपयोग नसतो. कर धरून रक्कम आहे की वेगळा? पिण्याचं पाणी, लॉकर, पोहण्याच्या कपड्यांचं भाडं, आंघोळीचं गरम पाणी, विश्रांतीची खोली हे यात आहे की वेगळं? अनामत किती आणि परत कधी मिळते? बाळाचं जेवण घरून आणू देतात का?

एका ठिकाणी आम्हाला फोनवर "सर, सगळं यात आलं" असं सांगितलं होतं. तिथे पोहोचल्यावर पाण्याची बाटली, लॉकर आणि कपड्यांचं भाडं धरून बिल चांगलंच वाढलं. त्यानंतर आम्ही एक साधी रीत ठेवली आहे. फोनवर जे ठरलं ते लगेच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायचं आणि "बरोबर आहे ना?" एवढं विचारायचं. "हो" असं उत्तर आलं की वाद होत नाही.

हिशेब माणशी न करता घराचा करावा. समजा मोठ्यांचे माणशी १००० रुपये आणि मुलांचे ७०० सांगितले. नवरा-बायको, दादी आणि दोन मुलं म्हणजे ४४०० झाले. स्टेशनपासूनची रिक्षा, कपड्यांचं भाडं आणि मुलांचा वरखर्च धरला की आकडा सहज ५००० च्या पुढे जातो. दादी पाण्यात उतरणार नसतील तर त्यांच्यासाठी फक्त जेवणाचा दर लावतात का, हेही विचारा. काही ठिकाणी मान्य करतात, पण आपण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

शक्य असेल तर रविवार टाळा. मंगळवार-बुधवारी दर कमी असतो, पूल रिकामा असतो, आवाज कमी असतो आणि विरार लोकलमध्ये मुलांचा जीव गुदमरत नाही. भिवंडी-ठाण्याहून गाडीने येणाऱ्यांनी घोडबंदर आणि अहमदाबाद महामार्गाची वाहतूक धरून सकाळी लवकर निघावं.

दस्तरखानाचा प्रश्न

नाश्त्याला पोहे, उपमा किंवा वडापाव, दुपारी चिकन, डाळ-भात, पोळी किंवा भाकरी आणि संध्याकाळी चहा-भजी, असा बहुतेक ठिकाणी बेत असतो. आपल्यासाठी पहिला प्रश्न मांसाचा. "हलाल आहे का?" असं विचारलं की "हो हो, हलालच" असं उत्तर येतं, कारण समोरच्याला गिऱ्हाईक हवं असतं. त्यापेक्षा "चिकन कुठून येतं, कोण कापतं?" असं विचारा. दुकानाचं नाव सांगता आलं तर खात्री करून घेता येते. सांगता येत नसेल तर तक्रार न करता शाकाहारी आणि मासळीचं जेवण सांगा.

मासळीला जबिहाची अट नाही, आणि समुद्रकाठी येऊन फार्मच्या कोंबडीसाठी अडून बसण्यात तसा अर्थही नाही. बोंबील, पापलेट, सुरमई, हलवा ही मासळी इथे ताजी मिळते. कोळंबीबद्दल हनफी घरांमध्ये मतभेद आहेत, शाफई असलेल्या आपल्या कोकणी घरांना तो प्रश्न पडत नाही. ज्याने त्याने आपल्या घरच्या रीतीप्रमाणे करावं.

आणखी एक गोष्ट नाजूक आहे, पण विचारायला हवी. काही स्वयंपाकघरांत डुकराचं मांसही शिजतं. ते त्यांचं अन्न आहे, त्याबद्दल नाक मुरडायचं काही कारण नाही. "आमच्यासाठी तेल आणि कढई वेगळी ठेवाल का?" एवढं सौम्यपणे विचारावं. पाच-सहा कुटुंबं एकत्र जात असाल तर बरेच मालक आपलं मांस आपण आणून द्यायलाही परवानगी देतात. कुणी तर आपला आचारीही चालवून घेतात. मुलांसमोर हे बोलणं कसं होतं याकडे लक्ष असू द्या. आपण काय खात नाही हे मुलांना कळायला हवं, पण दुसऱ्याच्या ताटाबद्दल तिटकारा त्यांनी शिकू नये.

दारूबद्दल दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. "तुमच्याकडे मिळते का?" आणि "लोक बाहेरून आणतात का?" 'फॅमिली रिसॉर्ट' अशी पाटी असली तरी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पाटीवर नसतं.

पूल: चार गोष्टी डोळ्यांनी पाहा

पैसे भरण्याआधी पूल पाहायला मागा. पहिली गोष्ट, तळाच्या फरशा स्पष्ट दिसतात का? पाणी गढूळ असेल तर बुडालेलं मूल वरून दिसणार नाही, एवढं एकच कारण पुरेसं आहे. दुसरी, डोळे चुरचुरतील असा उग्र वास येतो का? लोकांना वाटतं की वास म्हणजे भरपूर क्लोरीन, म्हणजे पाणी स्वच्छ. प्रत्यक्षात घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग झाला की तो उग्र वास येतो. तिसरी, लहान मुलांचा पूल मोठ्या पुलापासून वेगळा आहे की मधे फक्त एक पायरी आहे? चौथी, जीवरक्षक आहे का, आणि तो पुलाकडे पाहतोय की मोबाइलकडे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे बुडण्याचं प्रमाण सर्वांत जास्त १ ते ४ वर्षांच्या मुलांमध्ये आहे. सिनेमात बुडणारा माणूस ओरडतो, हात हलवतो. लहान मूल तसं करत नाही. ते गप्पपणे, मिनिटभरात खाली जातं, आणि शेजारी दहा मोठी माणसं उभी असतानाही जातं, कारण प्रत्येकाला वाटतं की दुसरा बघतोय.

शाळेच्या सहलीत आम्ही याला एक उपाय करतो, तो घरच्या सहलीलाही चालतो. एका वेळी एकाच मोठ्या माणसाची पाळी. वीस मिनिटं तो फक्त मुलांकडे बघणार, फोन दुसऱ्याकडे, गप्पा बंद. पाळी बदलताना "आता तू" असं तोंडाने म्हणायचं. मुलांच्या डोक्यावर एकाच भडक रंगाच्या टोप्या आणि दर पंधरा मिनिटांनी वर्गात घेतो तशी हजेरी. पाच वर्षांखालच्या मुलासोबत मोठा माणूस पाण्यातच आणि हाताच्या अंतरावर हवा. हवा भरलेली रिंग हे खेळणं आहे, तिच्या भरवशावर मुलाला सोडू नये. मुलाला जुलाब होत असतील तर त्याला पाण्यात उतरवू नका. इतरांच्या मुलांचाही तो हक्क आहे.

समुद्र आणि चांदाची तारीख

पूल सोडून मुलं समुद्राकडे धावतातच. आपला किनारा सपाट आहे. ओहोटीला पाणी लांबवर जातं, मुलं त्याच्या मागे जातात आणि भरती परत येताना वेळ देत नाही. अर्णाळ्याला तर वैतरणेचं मुख जवळ असल्याने पाण्याला ओढ असते.

इथे आपल्या घरातली एक गोष्ट कामी येते. आपल्याला चांदाची तारीख माहीत असते, आणि समुद्रही चंद्राप्रमाणेच चालतो. चांदाच्या १४-१५ आणि २८-२९ तारखेच्या सुमाराला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला, उधाण असतं. या दिवसांत भरती साधारण दुपारी बारा-एकला पूर्ण होते. म्हणजे जेवून मुलं किनाऱ्यावर जातात नेमकी तेव्हा ओहोटी सुरू होते आणि पाणी आत ओढतं. याउलट चांदाच्या ७-८ आणि २१-२२ तारखेला भांगाची भरती, पाण्याला जोर कमी. त्या दिवसांत दुपारी ओहोटी असते आणि खेळायला वाळू भरपूर मिळते. भरतीची वेळ रोज पाऊण तास ते तासभर पुढे सरकते. हा ढोबळ हिशेब आहे, निघण्यापूर्वी त्या दिवसाची नेमकी वेळ पाहून घ्यावी. आमचा सल्ला असा की लहान मुलं सोबत असतील तर सहलीचा दिवस ठरवताना कॅलेंडरमधली सुट्टी जशी बघता तशी चांदाची तारीखही बघा.

जून ते सप्टेंबर समुद्रात पाऊलही नको. प्रशासन मनाई करतं ते उगाच नाही, बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. मदतीसाठी १०८ आणि ११२ हे दोन नंबर मोठ्या मुलांनाही पाठ असू द्या.

घरातल्या बायकांची सुट्टी

'सगळं यात आलं' असं आपण म्हणतो तेव्हा सगळे यात आले का, हेही बघायला हवं. आम्ही अनेक सहलींत पाहिलं आहे. पुरुष आणि मुलगे पाण्यात, आणि अम्मी, भाभी, खाला काठावर प्लास्टिकच्या खुर्चीवर बॅगा, घड्याळं आणि ओले टॉवेल सांभाळत बसलेल्या. तिकीट मात्र त्यांचंही पूर्ण भरलेलं. दहा-बारा वर्षांची मुलगी गेल्या वर्षापर्यंत पाण्यात होती, यंदा तीही खुर्चीवर आलेली.

पर्दा सांभाळून मार्ग निघतो, फक्त आधी ठरवावं लागतं. बहुतेक पुलांवर नायलॉनचे कपडे सक्तीचे असतात, कारण सुती कपड्याचे धागे फिल्टरमध्ये अडकतात. त्यामुळे सलवार-कुर्त्यावर उतरू देत नाहीत. डोक्यापासून पायापर्यंत झाकणारे नायलॉनचे पोशाख आता बाजारात मिळतात, ते चालतील का हे फोनवर विचारून घ्या. दुसरा मार्ग, पाच-सहा कुटुंबांनी मिळून आठवड्याच्या मधल्या दिवशी जाणं आणि सकाळचे दोन तास पूल फक्त बायका-मुलींसाठी मागणं. तेवढा वेळ कर्मचारीही बाईच असावी, आणि शेजारच्या गच्चीवरून पूल दिसत नाही ना हे बघून घ्यावं. तिसरा मार्ग, अर्णाळा-राजोडी भागात छोट्या पुलाचे बंगले एका दिवसासाठी भाड्याने मिळतात. जेवण बाहेरून मागवावं लागतं, पण बारा-पंधरा माणसांत खर्च वाटला की माणशी पॅकेजच्या जवळपास येतो आणि आत फक्त आपलीच माणसं असतात.

आणि पुरुषांसाठी एक विनंती. त्या दोन तासांत बाळं तुम्ही सांभाळा.

नमाज

दहा ते सहाच्या पॅकेजमध्ये जोहर आणि असर या दोन नमाजा येतात, थंडीत मगरिबही निघण्याच्या गडबडीत येते. बुकिंग करतानाच "एक खोली किंवा शांत कोपरा मिळेल का?" असं विचारा. आम्हाला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. एका वाडीत तर मालकांनी स्वतः चिकूच्या झाडाखाली झाडून सतरंजी अंथरून दिली होती. एक जोड कोरडे कपडे आणि मुसल्ला वेगळ्या पिशवीत ठेवा. किबला शोधायला इथे होकायंत्र लागत नाही. या किनाऱ्यावर तोंड समुद्राकडे, पश्चिमेकडे करायचं आणि किंचित उजवीकडे, उत्तरेला वळायचं.

मुलांनाही हे दाखवावं. याच पाण्यावरून सोपाऱ्याची गलबतं अरबस्तानाकडे जात होती आणि हाजी लोकांची जहाजंही मुंबईहून याच समुद्रातून जात होती, हे किनाऱ्यावर उभं राहून सांगितलं की त्यांना नकाशा वेगळा समजावावा लागत नाही.

निघताना

पिशवीत ओ.आर.एस.ची पाकिटं, बाळाच्या ओळखीचं खाणं, उन्हाची टोपी, मुलांच्या मनगटावर पक्क्या शाईने लिहिलेला आपला मोबाइल नंबर आणि कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी असू द्या. हा किनारा कोळी बांधवांचं शेत आहे. मुलांचे डायपर आणि बिर्याणीची पाकिटं तिथे टाकून आलो तर पुढच्या वेळी कोणत्या तोंडाने जायचं?

आता खालाचा, मामूंचा किंवा भाभीचा फोन आला की आम्ही हेच सांगतो. आधी चांदाची तारीख बघा, मग फोनवरचे प्रश्न विचारा, मग पूल डोळ्यांनी पाहा, आणि पैसे सर्वांत शेवटी भरा. अल्लाह सगळ्यांची लेकरं सुखरूप घरी आणो.